तिसऱ्या खांबापाशी

माझ्या आत्याला सगळे घडीआत्या म्हणतात. हातात येईल त्याची ती घडी घालते. वर्तमानपत्र, रिकामी पिशवी, औषधाच्या डबीतला कागद, मी रागाने फेकलेली ओढणी. एकदा तर माझ्याशी कडाकडा भांडता भांडता तिने टेबलावर पसरलेल्या माझ्या नकाशाची चारपदरी घडी घातली, कडा जुळल्यात का ते बघितलं, घडी माझ्या हातात दिली आणि मग भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. ते भांडण पार्किंगवरून होतं. त्या पार्किंगपायी मी तिला जे बोलले ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

थोडं मागचं सांगते, नाहीतर आमचं भांडण कुणाला कळायचं नाही.

आम्ही या डोंगरउताराचे मूळचे लोक. सरकारी कागदावरही आता तसंच लिहिलंय. ते लिहून घेण्यात तीन पिढ्यांच्या चपला झिजल्या. साठ वर्षांपूर्वी उतारावरची अकरा घरं उठवली गेली आणि तिथे बाहेरच्या कुणा मालकाने हॉटेल बांधलं. करार साठ वर्षांचा होता. मागच्या वर्षी तो संपला, आणि जमीन, इमारत, गंजक्या पाण्याच्या टाक्या आणि छतातल्या पाली, सगळं परत गावाच्या ताब्यात आलं. गावाची बैठक बसली. खूप आरडाओरडा झाला, आणि शेवटी ठरलं की पाहुण्यांना येऊ द्यायचं, पण आता आपल्या अटींवर. त्यांनी कुठे फिरायचं, काय बघायचं, काय नाही बघायचं आणि त्यांना कोण घेऊन जाणार, हे सगळं गाव ठरवेल. या सगळ्याचा आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सहा वर्षं मोजणी कार्यालयात नकाशे काढत होते. शिवाय मला तोंड आहे, असं आमच्या समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. अध्यक्षबाई म्हणजे गावातल्या नर्सबाई. अर्ध्या गावाला त्यांनी सुया टोचल्यात, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फारसं बोलत नाही.

आराखड्याचा नियम एकच होता आणि तो मीच सुचवला होता. जागा ज्यांची, त्यांना विचारल्याशिवाय ती नकाशावर येणार नाही. मी घरोघरी जायचे, नकाशा पसरायचे आणि विचारायचे, ही वाट पाहुण्यांना दाखवायची का? हा झरा? ही गुहा? हो असेल तर हिरवा ठिपका. विचारून दाखवायची असेल तर पिवळा. नाही असेल तर लाल, आणि लाल ठिपक्याचं कारण विचारायचं नाही. आठ महिन्यांत मी त्रेपन्न घरं पालथी घातली. शहरातून आलेल्या सल्लागारबाईंनी माझी ही पद्धत टिपून घेतली आणि चार ठिकाणी सांगितली, त्यामुळे माझी मान थोडी ताठ झाली होती हेही कबूल करते. माझ्या टेबलाच्या वर, हॉटेलच्या जुन्या सामानखोलीत, मी मोठ्या अक्षरांत कागद लावला होता: विचारलं का?

सगळं नीट चाललं होतं, गाड्यांपर्यंत.

माझे बाबा म्हणजे घडीआत्याचे धाकटे भाऊ. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बाबांनी बसकडे ज्या प्रेमाने बघितलं तसं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, असं आई अधूनमधून ऐकवते. समितीत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गाड्यांचा विषय निघाला आणि ते दारात येऊन उभे राहिले.

"पाहुणे काय पंख लावून येणार आहेत?" ते म्हणाले. "बस येणार. बसला वळायला जागा लागते. घाटात रिव्हर्स घ्यायला लावलंत तर पहिल्याच दिवशी सगळे पाहुणे दरीत."

नर्सबाई म्हणाल्या, "मग जागा सुचवा."

बाबांनी पावलं टाकून सगळा उतार मोजला. दोन दिवस ते हात मागे बांधून फिरत होते, मधेच थांबायचे, हवेत स्टिअरिंग वळवायचे, मान हलवायचे. आणि शेवटी सपाट जागा एकच निघाली. हॉटेलच्या मागे, वरच्या अंगाला, कपडे वाळत घालायचं मैदान. मालकाने मशीन लावून सपाट केलेलं, लोखंडी खांबांच्या दोन रांगा, दोऱ्या ताणलेल्या. माझ्या नकाशावर त्या मैदानाला ठिपकाच नव्हता. करड्या रंगात मी लिहिलं होतं, रिकामी जागा. ते हॉटेलवाल्यांनीच तयार केलेलं मैदान, मग ते कुणाचं म्हणून विचारायचं? अकरा घरं होती ती खाली, जिथे आता जेवणाचा हॉल आहे तिथे, असं सगळेच सांगायचे. तिथे आम्ही पाटी लावणार होतो. त्या घरांत राहिलेलं आठवणारं माणूस गावात घडीआत्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं, आणि तिला विचारलं तर ती म्हणायची, "लहान होते गं मी." माझे आजोबा तर त्या विषयावर मेले तरी बोलले नाहीत, अगदी खरोखर.

मी नकाशावर मैदानाच्या जागी गाडीचं चित्र काढलं. सोमवारी जेसीबी येणार होता, खांब उपटायला आणि जमीन अजून थोडी तासायला.

आता आत्याबद्दल सांगायला हवं.

सतराव्या वर्षी ती हॉटेलात कामाला लागली. गावाला हे अजिबात आवडलं नाही. ज्यांनी बापाची जमीन घेतली त्यांची धुणी धुते, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून सहा वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. मीठ पाहिजे असलं तर आजोबा भिंतीकडे बघून म्हणायचे, मीठ कमी आहे. आजी मग मीठ द्यायची. आत्याने लग्न केलं नाही. केलं नाही की जमलं नाही, हे मला माहीत नाही, आणि आमच्या घरात हेही विचारायची पद्धत नाही.

एकावन्न वर्षं तिने धुलाईखान्यात काढली. तिचे हात सोड्याने आणि गरम इस्त्रीने असे झाले होते की लहानपणी ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची तेव्हा खाज सुटली तर बरंच वाटायचं. पण ती वेडी आहे असं घरात सगळ्यांचं मत होतं. कारण मालकाने दोनदा तिला बढती देऊ केली. एकदा स्वागतकक्षात बसायची, एकदा सगळ्या खोल्यांवरची देखरेख. खुर्ची, पंखा, दुप्पट सुट्ट्या. दोन्ही वेळा ही बया नको म्हणाली. मग मालकाने कपडे वाळवायचं मोठं यंत्र आणलं. तिने त्यात चादरी वाळवून दाखवल्या, मग उन्हातल्या चादरी दाखवल्या, दोन्ही मालकाच्या नाकापुढे धरल्या. यंत्र कोपऱ्यात पडलं आणि त्यात मांजरीने पिल्लं घातली. इतर बायका दुपारी स्वयंपाकघरामागे एकत्र जेवायच्या, गप्पा छाटायच्या. आत्या डबा घेऊन मैदानावर जायची आणि तिसऱ्या खांबाला टेकून एकटीच जेवायची. "शिष्ट आहे," असं बाकीच्या म्हणायच्या. आम्हीही तेच समजत होतो.

पाहुण्यांबद्दल तिला जेवढं कळतं तेवढं आमच्या समितीत कुणालाच कळत नाही, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. "माणूस तोंडावरून कळत नाही, चादरीवरून कळतो," असं ती म्हणते. "उशीच्या अभ्र्याने बूट पुसणारा बाहेर फार गोड बोलतो." पहिल्या बैठकीत सल्लागारबाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमच्या जागेचं मुख्य आकर्षण काय? कुणी गुहा म्हणालं, कुणी झरा, कुणी जुने वृक्ष. आत्या मागच्या बाकावर बसून टॉवेलांची घडी घालत होती. ती म्हणाली, "वारा." सगळे हसले. सल्लागारबाईंनी सभ्यपणे लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. आराखड्यात आत्याचं नाव मी एका रकान्यात आधीच घालून टाकलं होतं: धुलाई विभाग, प्रमुख. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला न विचारता. वर भिंतीवर कागद लटकतोय, विचारलं का.

तर ते भांडण. शुक्रवारी दुपारी ती सामानखोलीत आली. कुणीतरी तिला जेसीबीचं सांगितलं होतं.

"मैदान खणायचं नाही," ती म्हणाली.

"आत्या, खणत नाही आहोत, सारखं करतोय. तुझ्या दोऱ्या आपण गच्चीवर लावू. छान ऊन असतं तिकडे."

"गच्चीवर नको. मैदान राहू दे."

"का पण?"

"मला पाहिजे."

मी आठ महिने त्रेपन्न घरांत कारण न विचारता लाल ठिपके देत आले होते. घरच्या माणसाशी मात्र माझा संयम पाच मिनिटांत संपला. मी म्हणाले की सगळ्या गावाचं काम अडलंय, बस वळायला दुसरी जागा नाही, आणि हिला चादरींची पडलीय. तेव्हा तिने नकाशाची ती घडी घातली. "पोरी, मी कधी काही मागितलंय?" ती म्हणाली. आणि मी म्हणाले, "आयुष्यभर त्यांची धुणी धुतलीस. आता ते निघून गेले तरी तुझ्या हातातली दोरी सुटत नाही!"

तोंडातून निघाल्यावर मला कळलं काय बोलले ते. आजोबांचंच बोलणं ते, फक्त भिंतीकडे न बघता बोललेलं.

आत्या रडली बिडली नाही. ती तशी रडणारी नाही. तिने खुर्चीवरचा माझा स्वेटर उचलला, बाह्या आत दुमडल्या, घडी घातली.

"यादीत माझं नाव घाल," ती म्हणाली.

"कुठल्या यादीत?"

"वाटाड्यांच्या."

पाहुण्यांना घेऊन फिरायला जे वाटाडे निवडायचे होते, त्यांची चाचणी चालू होती. ज्याला वाटाड्या व्हायचंय त्याने समितीला एक तास फिरवून दाखवायचं, हवं तिथे न्यायचं, हवं ते सांगायचं. आठ जणांचं झालं होतं. मध गोळा करणारा एक गृहस्थ आम्हाला असा चढ चढवून घेऊन गेला होता की सल्लागारबाई दोन दिवस जिना उतरताना देवाचं नाव घेत होत्या. आत्याचं नाव यादीत बघून दोघं-तिघं हसली. या बाईने सगळं आयुष्य चार भिंतींत वाफेत काढलं, ती काय जंगल दाखवणार? नर्सबाई हसल्या नाहीत. "नाव आलंय ना? मग तास मिळणार. रविवारी दहाला."

रविवारी दहाला आम्ही धुलाईखान्याच्या दाराशी जमलो. नर्सबाई, सल्लागारबाई, निवड झालेले तीन वाटाडे, त्यांत तो मध गोळा करणाराही, मी, आणि बाबा. बाबा खरं तर मैदान मोजायला आले होते, त्यांच्या खिशात टेप होती. "ताई कुठे नेणार आपल्याला? इस्त्रीच्या टेबलाला प्रदक्षिणा?" ते माझ्या कानात म्हणाले.

आत्या बाहेर आली. कडक इस्त्रीची साडी, कमरेला चिमट्यांची कापडी पिशवी, हातात ओली चादर. तिने आम्हाला मैदानावर नेलं. एवढंच. दोनशे पावलं.

"इथेच?" बाबा म्हणाले.

"इथेच. धाकट्या, तू मागे उभा राहा, मध्ये मध्ये बोलू नकोस."

एकसष्ट वर्षांचे बाबा मागे जाऊन उभे राहिले.

तिने चादर दोरीवर टाकली, चार चिमटे लावले. चादर सरळ खाली लोंबत राहिली, जराही हलेना. मग ती बोलायला लागली, आणि मला आधी लाज वाटत होती ती हळूहळू गेली. ती म्हणाली, आत्ता वारा नाही. साडेदहाला त्या समोरच्या कड्यावर ऊन पडेल. कडा तापला की दरीतली थंड हवा वर उठते, आणि वारा उजव्या खिंडीतून येतो. थंडीच्या दिवसांत अकराला, आता पावणेअकराला. तो आधी त्या झाडांची टोकं हलवेल, मग गवत, मग माझी चादर. वाऱ्याला ओल्या दगडाचा वास आला तर समजायचं, बारा चादरी काढण्याइतका वेळ आहे, तेराव्या चादरीला पाऊस गाठतो. पक्षी कुठल्या बाजूला जातात, मुंग्या कुठल्या खांबावर चढतात, धुकं कुठल्या घळीतून येतं आणि कुठल्या घळीतून कधीच येत नाही. "मला जंगल कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली. "चादरी वाळवायच्या म्हणून मी रोज वर बघत होते. एकावन्न वर्षं."

सल्लागारबाई सारख्या घड्याळ बघत होत्या, कंटाळून नाही. दहा त्रेचाळीसला उजवीकडची झाडं हलली. मग गवत. मग चादर एकदम फुगून वर आली आणि मध गोळा करणाऱ्याने शिट्टी मारली. आत्या नुसती मान डोलावून पुढे गेली, तिसऱ्या खांबापाशी.

"आता इथे बसा," ती म्हणाली. "जमिनीवर. सगळे."

आम्ही बसलो. सल्लागारबाई आपला महागाचा कोट सावरून बसल्या. बाबा गुडघे धरून कुरकुरत खाली बसले.

"काय दिसतं?"

आधी मला काही कळेना. उभं असताना समोर खाली हॉटेलचं लांबलचक पत्र्याचं छप्पर दिसतं, टाक्या, जेवणाचा हॉल, मोटारींचा रस्ता. बसल्यावर त्यातलं काही दिसेना. मैदानाच्या कडेला मातीचा उंचवटा आहे, त्याने सगळं हॉटेल झाकलं. नव्हतंच जणू. फक्त घळीपलीकडचा तो मोठा कातळ, वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला. आणि त्या फटीत, अगदी मधोमध, लांबचा एक पांढुरका सुळका.

"दात," आत्या म्हणाली. "आम्ही त्याला दात म्हणायचो. सकाळी आई म्हणायची, उठा, दात दिसायला लागला. दोन पावलं इकडे सरका, दिसत नाही. दोन पावलं तिकडे सरका, नाही. या सगळ्या उतारावर फक्त आमच्या उंबऱ्यात बसलं की दिसायचा. बसलं की. मी नऊ वर्षांची होते, बसून एवढीच होते."

ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, चादरींचं सांगितलं तसंच.

सतराव्या वर्षी ती इथे स्वयंपाकघरात काम मागायला आली होती. मालकाचा माणूस तिला सगळीकडे फिरवत मैदानावर घेऊन आला. दोरीवरून एक चिमटा पडला. ती उचलायला खाली बसली, आणि मान वर केली तर फटीत दात. सगळा उतार मशीनने तासलेला, घराचा दगड नाही, झाड नाही, ओळखीचं काही म्हणजे काही नाही. पण दात जागच्या जागी. ती उठली आणि त्या माणसाला म्हणाली, मला स्वयंपाकघर नको, धुलाईत घ्या.

"म्हणजे तेव्हापासून..." नर्सबाई म्हणाल्या.

"रोज घरी जेवले मी," आत्या म्हणाली. "लोक म्हणायचे, परक्याच्या दारात जेवते."

मी विचारलं, "आजोबांना का नाही सांगितलंस? सहा वर्षं बोलले नाहीत ते तुझ्याशी."

"सांगितलं असतं तर ते बघायला आले असते. आणि आले असते तर उठले नसते. मग पोलीस आले असते." तिने पिशवीतला एक चिमटा काढला, उघडला, मिटला. "आणि माझंही येणं बंद झालं असतं. ते मला नको होतं. तेवढा स्वार्थ केला मी."

तिचं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ज्या बाईने दोनदा खुर्ची नाकारली, ती याला स्वार्थ म्हणत होती. आणि मी तिला दोरीवरून बोलले होते. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं, पण जमीन तिची होती, त्यामुळे नुसती मान खाली घातली.

बाबा बोलतच नव्हते. बाबा बोलत नाहीत असं झालं की आमच्या घरी ताप मोजतात. ते फटीकडे एकटक बघत होते. मग म्हणाले, "ताई, म्हणजे मी..."

"तूही इथलाच. अकरा महिन्यांचा होतास. मीच तुला काखेत घेऊन खाली उतरले. तुलाही तेव्हा दोनच दात होते. सारखा चावायचास."

"मला वाटायचं आपण हॉलपाशी राहायचो. माझ्या मनात मी तिथेच..." ते थांबले. "मी गेल्या आठवड्यात इथे बस वळवत होतो, ताई."

"तुला काय माहीत."

"माझी झोळी कुठे होती?"

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तिसऱ्या खांबापासून तिने चार पावलं मोजली, मग अर्धं पाऊल मागे आली, जसं कुणी अंधारातही आपल्या घरात चालतं तसं. "इथे. वरच्या तुळईला. तू रडायला लागलास की मी उंबऱ्यात बसूनच पायाने दोरी ओढायची."

बाबा उठले आणि तिथे जाऊन बसले. त्यांच्या खिशातून टेप खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

तास कधीच संपला होता. सल्लागारबाईंनी डोळे पुसले आणि मग कामाचा प्रश्न विचारला. त्या बाईंचं मला हेच आवडतं. "मग गाड्यांचं काय करायचं?"

उत्तर बाबांनी दिलं, पाठमोरे बसूनच. "ते गाडीचं चित्र खोड, पोरी. बस खाली पुलापाशी थांबेल. तिथे वळते, थोडं कौशल्य लागतं, मी शिकवेन ड्रायव्हरला. वर चालत यायचं."

"सगळ्यांना चढवेल का ते? वयस्कर पाहुणे असतात."

"ही काय वयस्कर पाहुणी तुमच्यासमोर उभी आहे. एकावन्न वर्षं चालतच आलीय."

मी पिशवीतून नकाशा काढला. शुक्रवारची तिची घडी अजून तशीच होती, मी रागाने उघडलीच नव्हती. ती उलगडून मी जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर तिचेच चार चिमटे ठेवले, गाडीचं चित्र खोडलं, रिकामी जागा हेही खोडलं. आत्या खांबाला टेकून बसली, आणि मी तिच्यासमोर बसले, जशी त्रेपन्न घरांत बसले होते तशी.

"आत्या, शुक्रवारी मी जे बोलले..."

"ते असू दे. काम कर."

"ही जागा तुझी आहे. पाहुण्यांना दाखवायची का? लाल दिलास तरी चालेल. कारण विचारणार नाही."

तिने नकाशाकडे बघितलं. हिरव्या, पिवळ्या, लाल रंगाच्या तिन्ही पेन्सिली बघितल्या. तिने इतका वेळ घेतला की दोरीवरची चादर वाळून हलकी झाली आणि फडफडायला लागली. ती चादर उतरवायला उठणार असं मला वाटलं, पण ती उठली नाही.

"पिवळा," ती म्हणाली. "दाखवायची, पण मी असेन तेव्हाच. आणि लिही त्यात, बसवून दाखवायची. उभ्याने नाही. ज्याला खाली बसायला जड जातं, त्याने फक्त वारा बघून परत जायचं."

"आणि तू गेल्यावर?"

"मग तू बसवशील. आता तुला माहीत आहे ना कुठे."

मी पिवळा ठिपका दिला. नर्सबाईंनी खाली सही केली आणि धुलाई विभागाच्या रकान्यातलं आत्याचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. बाकीचे लोक एकेक करून उतरायला लागले.

आत्याने चादर काढली. एक टोक मला धरायला दिलं, दुसरं तिने धरलं. चादर घट्ट ताणली, झटकली, दुमडली, जवळ आलो, पुन्हा दुमडली, कडा जुळवल्या. बाबा अजून तिथेच बसले होते, चार पावलांवर, झोळीच्या जागी, डोक्यावर सगळं ऊन घेऊन.

"धाकट्या, चल," आत्या म्हणाली. "जेवायची वेळ झाली. ऊन लागेल."

"थांब गं ताई," बाबा म्हणाले. "आत्ताच तर आलोय."